जांभळी रेघ

१

शिट्टीकाकांची नडगी मोडली तेव्हा मी ट्रॅकच्या नळाखाली चहाचे कप विसळत होते. आधी इंजिनाची किंकाळी ऐकू आली, मग काहीतरी मोडल्याचा आवाज. तो इतका बारीक होता की मला वाटलं, माझ्याच हातून कप फुटला.

वळून पाहिलं तर मातीच्या दुसऱ्या उंचवट्यापाशी काका आडवे, गळ्यातली शिट्टी तोंडाशी, आणि त्यांच्या पायापाशी डॉक्टरांची बग्गी उलटी पडून चारही चाकं हवेत गरगरवत होती.

रिमोटची गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खेळणं येतं. ही बग्गी खेळणं नव्हे. लांबी माझ्या अख्ख्या हाताएवढी, वजन चौदा किलो, पोटात पेट्रोलचं इंजिन आणि वेग असा की मोटारसायकलवाल्याने बाजूला व्हावं. इंजिन गवत कापायच्या यंत्राला असतं त्याच जातीचं, म्हणून तर मी या माणसांच्या नादी लागले. माझं दुकान गवताची यंत्रं आणि लाकडाच्या करवती दुरुस्त करण्याचं. मला हे कुणी शिकवलं नाही. उघडत गेले, मोडत गेले, कळत गेलं.

आणि मी ते चिमटीला शिकवलं. चिमटी माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी; तिचं ऐकून अख्खा क्लब मला मावशी म्हणतो. नवव्या वर्षी माझ्या दुकानातला नाकाडा चिमटा तिने पळवला आणि तो आजपर्यंत परत दिला नाही, म्हणून हे नाव. आता ती तेविसाची आहे आणि क्लबातल्या निम्म्या गाड्या तिच्या हाताखालून जातात. डॉक्टरांच्या बग्गीवर तर ती दोन महिने खपली होती. मोठा सिलिंडर, नवा सायलेन्सर, जाड स्प्रिंगा, धक्के झेलणाऱ्या नळ्यांत घट्ट तेल, प्लॅस्टिकच्या जागी ॲल्युमिनियमचे दांडे. धूळ आत जाऊ नये म्हणून हवेच्या जाळीवर माझा जुना पायमोजाही चढवला होता. त्या रविवारी डॉक्टरांनीच तिला सांगितलं, "पहिली फेरी तूच मार." म्हणून रिमोट तिच्या हातात होता.

"दिवा गेला," ती लाकडी माचीवरून ओरडत होती, "रिमोटचा दिवा गेला, मी काही केलं नाही!"

कोण ऐकतंय! काकांना गाडीत घातलं आणि दुपारपर्यंत निकाल लागलासुद्धा. पोरीने इंजिन फाजील मोठं केलं आणि तिला ते आवरलं नाही. क्लबाच्या समितीने बग्गी उभी केली, रिमोटचा ट्रिगर ओढून पाहिला, पुढे ढकलून पाहिला. पेट्रोल बरोबर, ब्रेक बरोबर. म्हणजे बिघाड पोरीत.

मास्तर तर हसला. मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेचा मालक आणि आमच्या ट्रॅकचा तीन वर्षांचा विजेता. म्हणाला, "स्क्रूंना नेलपॉलिश लावणारा मेकॅनिक ठेवलात डॉक्टर, आता लिपस्टिकही लावून घ्या."

मंगळवारी पत्र आलं. मास्तरचं अक्षर सुरेख, म्हणून पत्र त्याच्या हातचं. "माझ्या सदोष कामामुळे हा अपघात झाला, हे मी मान्य करते. यापुढे मी कोणत्याही गाडीस हात लावणार नाही." खाली सहीची जागा. रविवारी दहा वाजेपर्यंत सही, नाहीतर पोलिसांत तक्रार.

चिमटीने ते वाचलं आणि घडी घालून माझ्यासमोर ठेवलं. दोन दिवस तिने पान्याला हात लावला नव्हता. सोमवारी एक बाई करवत घेऊन आली, तेव्हा हिने दोन्ही हात पाठीमागे नेले होते. ते पाहिल्यापासून माझ्या डोक्यात जे पेटलं होतं ते विझायचं नाव घेत नव्हतं.

"दिवा खरंच गेला होता?" मी विचारलं.

"गेला होता ना. पण तेच तर कळत नाही, मावशी. रिमोट मेला तर गाडीने आपण होऊन ब्रेक लावायचा असतो. त्याला फेलसेफ म्हणतात. ते मीच लावलं. शुक्रवारी चाकं उचलून, रिमोट बंद करून, तीनदा तपासलं. वहीत लिहिलंय." ती माझ्याकडे बघेना. "म्हणजे एक तर दिवा गेलाच नाही, नाहीतर मी फेलसेफ लावलंच नाही. कसंही धरलं तरी खोटी मीच."

२

बुधवारी मी इस्पितळात गेले. शिट्टीकाका निवृत्त पोस्टमन. ट्रॅकवर उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या आणि कुणी मध्ये आलं की शिट्टी फुंकायची, हे काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलेलं. उशाशी सफरचंदांची पिशवी होती.

"मास्तरने आणली," काका म्हणाले. "रोज येतो बिचारा. तासभर बसतो. आणि तू काय आणलंस?"

"भांडण."

"मग ते आधी काढ. सफरचंदाला दात कुठायत मला!"

मी विचारलं, गाडी येताना नेमकी कशी आली?

काकांनी डोळे मिटले. आयुष्यभर पत्ते वाचलेला माणूस. डोळे मिटूनही नीट वाचतो. "आधी ती मवाळ चालली होती. पोरगी हळूच चालवत होती. मग एकदम किंकाळी. हळूहळू वाढली असं नाही, मावशी, कुणीतरी लाथ घातल्यासारखी. मी वर पाहिलं. पोरगी रिमोट तळहातावर आपटत होती, घड्याळ बंद पडलं की आपटतो तसं. चालवत नव्हती ती. रिमोट तिचं ऐकतच नव्हता."

"हे समितीला सांगितलंत?"

"मास्तरला सांगितलं. तो म्हणाला, काका, धक्क्यात माणसाला काहीबाही दिसतं." काकांनी डोळे उघडले. "पस्तीस वर्षांत एक पत्र चुकीच्या घरात टाकलं नाही मी. मला काहीबाही दिसतं!"

मग त्यांनी उशीखाली हात घातला आणि किल्ल्यांचा जुडगा काढला. क्लबाची सगळी कपाटं यांच्याकडे.

"चार नंबर," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर सांग, काकांचा डबा आत राहिला होता."

३

चार नंबरच्या कपाटात बग्गी होती तशीच, मातीने माखलेली. शेजारी पिशवीत रिमोट, रबरी कव्हर चढवलेला. मी चिमटीला ओढतच नेलं होतं. ती दारात हाताची घडी घालून उभी राहिली.

"मी हात लावणार नाही."

"लावू नकोस. बघ नुसती."

बग्गी मी दोन विटांवर ठेवली, म्हणजे चाकं अधांतरी. इंजिन चालू करायची गरज नव्हती. रिमोट लावला. बग्गीच्या पोटात काडेपेटीपेक्षा जरा मोठी एक मोटार असते, तिला सर्वो म्हणतात. रिमोट सांगेल तेवढा ती आपला छोटा हात फिरवते. हात एका बाजूला गेला की इंजिनाला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला गेला की ब्रेक. मी ट्रिगर ओढला, पेट्रोल. पुढे ढकलला, ब्रेक. लहान मुलासारखी शहाणी.

"आता?" मी म्हटलं.

चिमटी दारातून एक पाऊल आत आली. "आता रिमोट बंद कर."

मी बटण दाबलं. एक क्षण काही झालं नाही. मग सर्वोचा हात खट्कन फिरला आणि जाऊन थडकला.

ब्रेककडे नाही. पेट्रोलकडे. पुरता, टोकापर्यंत.

म्हणजे दिवा गेला तेव्हा बग्गीने ब्रेक लावला नव्हता. तिने जीव खाऊन पळ काढला होता.

चिमटी स्टुलावर बसली. "म्हणजे मी उलटं लावलं. मावशी, मीच काकांचा पाय मोडला. दे ते पत्र."

४

"पत्र गेलं चुलीत," मी म्हटलं. खरं तर जास्त वाईट म्हटलं, पण ते इथे नको.

मला तिच्यावर विश्वास होता म्हणून नव्हे; मला तिची वही माहीत होती म्हणून. ही पोरगी वहीत खोटं लिहीत नाही. शुक्रवारी तीनदा तपासलं म्हणजे तीनदा तपासलं. मग शुक्रवार आणि रविवार यांच्या मधे काय झालं?

मी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, ब्रशने माती झाडली आणि सर्वोवर बॅटरी धरली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. करवतीचे स्क्रू थरथरीने ढिले होतात. म्हणून मी फार वर्षांपूर्वी एक सवय लावून घेतली. स्क्रू घट्ट केला की नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारायची, स्क्रूच्या डोक्यावरून निघून खालच्या भागावर उतरणारी. रेघ अखंड आहे तोवर स्क्रू जागचा हललेला नाही. रेघ तुटली की समजायचं, हलला. रंग कुठलाही चालतो. माझ्याकडे जांभळी बाटली होती, कुणीतरी दिलेली, बोटांना लावायला मला कधी जमलीच नाही. चिमटीने सवय उचलली आणि बाटलीही. हीच ती मास्तरला हसू आणणारी नेलपॉलिश.

सर्वोला चार कोपऱ्यांना चार कान असतात आणि प्रत्येक कानातून एक स्क्रू जातो. चारही स्क्रूंच्या डोक्यांवर जांभळी रेघ होती. ती स्क्रूच्या काठापर्यंत येत होती आणि तिथेच संपत होती. खाली सर्वोच्या कानावर काही नाही. कोरा करकरीत कान.

"चिमटे, तू रेघ अर्धी मारतेस का गं?"

ती उठली. माझ्या खांद्यावरून वाकली. तिचा श्वास मला मानेवर जाणवला, आणि तो बदललेलाही जाणवला.

"स्क्रू माझे आहेत," ती सावकाश म्हणाली. "सर्वो माझा नाही."

कंपनीचं लेबल तेच होतं. पण त्याच्या कडेखाली माती नव्हे, आधीची धूळ अडकली होती. उचकटून दुसऱ्यावर चिकटवलेलं. मी रिमोटच्या पडद्यावर तो खाना उघडला. वहीत लिहिलं होतं: पेट्रोलचा सर्वो, दिशा सरळ. पडद्यावर होतं: उलट.

मग मला सगळं दिसलं. मी ते पोरीला माझ्या भाषेत सांगितलं, कारण मला दुसरी येत नाही.

"असं धर, घरात एक गडी होता. मालकाने त्याला चिठ्ठी लिहून दिली, मी घरी नसेन तेव्हा उजवीकडे वळ. मग कुणीतरी तो गडी पळवला आणि जागी दुसरा उभा केला. हा उलट्या कानाचा. उजवीकडे म्हटलं की डावीकडे जातो. चोराला ते कळलं. त्याने मालकाचं तोंडच फिरवून ठेवलं. आता मालक डावीकडे म्हणतो, गडी उजवीकडे जातो, काम बिनबोभाट चालू. पण भिंतीवरची चिठ्ठी जुनीच. मालक नाहीसा झाला, गड्याने चिठ्ठी वाचली, उजवीकडे वळ, आणि हा गेला डावीकडे."

"चिठ्ठी म्हणजे फेलसेफ," चिमटी म्हणाली. "ते मी गाडीतल्या, रिमोटचा निरोप ऐकणाऱ्या डबीत ठेवलं होतं. रिमोटमध्ये दिशा उलटी केली तरी डबीतलं बदलत नाही. ज्याने सर्वो बदलला त्याने डबीला नव्याने शिकवलंच नाही."

"विसरला."

"नाही मावशी. विसरणं वेगळं. त्याला माहीतच नव्हतं."

हे वाक्य मी गाठीशी बांधलं.

५

शनिवारी बग्गी तीन हातांतून गेली होती, सोबत रिमोटची पिशवी. सकाळी डॉक्टर, दुपारी दुकानदार, संध्याकाळी मास्तर. गुरुवारी मी तिघांकडे चक्कर मारली.

डॉक्टर दातांचे. क्लबाचे अध्यक्ष. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी मला मावशी म्हणतात, तेवढंच तरुण वाटतं त्यांना. रुग्णाच्या खुर्चीवर मलाच बसवलं.

"मावशी, मला वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम."

"शनिवारी तुम्ही बग्गीला काय केलंत?"

"मी? मला त्यात सेल घालता येत नाहीत. सकाळी बग्गी आणि रिमोटची पिशवी उचलली, दुकानात दिली."

"रिमोटला ते रबरी कव्हर कधी घातलंत? शुक्रवारी नव्हतं."

डॉक्टरांनी हातातला छोटा आरसा फडक्याने पुसायला घेतला. बराच वेळ पुसला. "जिन्यात पडला होता. सेलच्या झाकणाला चीर गेली. चिकटपट्टी लावली, वर कव्हर. चालत होता की!"

"आणि हे तुम्ही समितीत सांगितलं नाहीत."

"त्याचा काय संबंध, मावशी?"

झाकण सैल, आतले सेल हलले, रिमोट मेला; दिवा का गेला, ते मला कळलं होतं. मी खुर्चीतून उठले, नाहीतर त्यांचेच दात काढले असते.

दुकानदाराला सगळे 'येतोय' म्हणतात. काहीही मागा, उत्तर एकच: माल येतोय. त्याच्याकडे बग्गीच्या टपावर नंबर चिकटवायचं काम होतं.

"चिकटवला आणि मास्तरकडे नेऊन दिली. रिमोटची पिशवी तर उघडलीसुद्धा नाही," तो म्हणाला. "मी कशाला हात लावीन? मला विकण्यातून वेळ नाही."

"सर्वो आहेत का रे, पेट्रोलचे? चांगल्यातले, डॉक्टरांच्या बग्गीत आहे तसला?"

"येतोय. मास्तरही महिनाभर मागे लागलाय, त्याचा जळला. स्वस्तातले आहेत, पण ते उलटे फिरतात. घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी परत आणतात. डॉक्टरांनी नेलाय एक, नातवाच्या गाडीला. मास्तरने एक. एक मीच माझ्या गाडीत घातला. आपल्याला चालतो."

"फेलसेफ नव्याने लावलंस?"

त्याला हसू आलं. "मग? त्याशिवाय कुणी गाडी सोडेल का? काकांच्या अंगावर जाईल!" आणि मग त्याचं हसू गेलं, कारण काका त्यालाही आवडतात.

मास्तर शाळेच्या अंगणात होता. एका थरथरत्या बाईला गाडी मागे घ्यायला शिकवत होता आणि खिडकीतून खेकसत होता. मला पाहून बाहेर आला.

"पोरीची सही झाली?"

"होईल. शनिवारचं सांगा."

"टायर आले, रिंगवर चिकटवले, रात्रभर वाळत ठेवले. वरचा टपही उचलला नाही." त्याने खुर्चीवरून आपला रिमोट उचलला, नवाकोरा. लहान पोराने मेडल दाखवावं तसा दाखवला. "असली भानगड माझ्या गाडीत होतच नाही, मावशी. फेलसेफ, दिशा, सगळं रिमोटमध्येच साठतं. एक बदललं की दुसरं आपोआप. गाडीला काही शिकवावं लागत नाही. तुमची पोरगी अजून जुन्या डब्यात अडकलीय."

"खरंय," मी म्हटलं. "अडकलीय."

"आणि ते स्क्रूंचं रंगकाम थांबवा तिचं. पुरुषांचा खेळ आहे, नखरे नकोत."

मी घरी आले आणि तासभर एका बिचाऱ्या करवतीवर राग काढला. मला माणूस कळला होता. पण माझ्या कळण्याला समितीत कोण विचारतं? तिघांकडे बग्गी होती, तिघांकडे तो उलटा सर्वो होता. मास्तर म्हणाला असता, सिद्ध करा.

मग मला सुचलं की सिद्ध तोच करील.

६

रविवारी दहा वाजता क्लबाच्या पत्र्याच्या खोलीसमोर वीसेक माणसं जमली. शिट्टीकाकांना त्यांचा मुलगा चाकाच्या खुर्चीतून घेऊन आला होता, पाय प्लॅस्टरमध्ये पुढे ताणलेला. टेबलावर पत्र, पत्रावर पेन. शेजारी मास्तरची बग्गी, साडेअकराच्या शर्यतीसाठी पुसूनपासून ठेवलेली.

मी डॉक्टरांची बग्गी मोकळ्या जमिनीवर ठेवली. विटांवर नाही. दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं, संथ, गुरगुरतं.

"मावशी, हे काय?" डॉक्टर म्हणाले.

"पोरगी सही करणार आहे. पण सहीआधी एकदा बघू या. समितीचं म्हणणं, बग्गीत दोष नाही, पोरीच्या हातात दोष होता. मग पोरीचा हात नको." मी रिमोट उंच धरला. "डॉक्टर, येतोय, मास्तर, तुम्ही तिघं पुढे उभे राहा. काका उभे होते तेवढ्या अंतरावर. मी रिमोट बंद करते. गाडी निर्दोष असेल तर ब्रेक लागेल, इंजिन गुरगुरत राहील, आणि चिमटी सही करील."

चिमटी बग्गीशेजारी उकिडवी बसली होती. मी तिला एवढंच सांगितलं होतं की इंजिन बंद करायच्या लाल बटणावर एक बोट ठेव. एकच. हत्यार नाही, फक्त बोट.

डॉक्टर चष्मा सावरत उभे राहिले. त्यांना काही कळत नव्हतं आणि न कळणाऱ्या माणसाला भीती नसते. येतोय पँट झटकत त्यांच्या शेजारी गेला. "फेलसेफ असतं हो, ब्रेक लागेल. उभं राहायला काय जातंय."

मास्तर दोन पावलं पुढे आला. मग थांबला.

"या ना, मास्तर."

"मला कशाला? माझा काय संबंध? धूर आहे, मला..." तो बाजूला सरकला. मग आणखी सरकला. पाठ पत्र्याला लागली तेव्हा थांबला.

"तिथून नीट दिसतंय?" मी विचारलं आणि रिमोट बंद केला.

इंजिनाने किंकाळी फोडली. तीच, गेल्या रविवारची. डॉक्टर ओरडले, येतोय चक्क डॉक्टरांच्या मागे लपला, काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. बग्गी मात्र जागची तसूभर हलली नाही. चिमटीचं बोट खाली गेलं आणि सगळं शांत झालं.

मी पदराआडून मूठ पुढे केली आणि उघडली. तळहातावर दातांचं एक लहान चाक होतं. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारं. ते मी सकाळीच काढून घेतलं होतं.

"डॉक्टर उभे राहिले, कारण त्यांना काहीच माहीत नाही. येतोय उभा राहिला, कारण त्याला फेलसेफ माहीत आहे आणि ते कुणी बिघडवलंय हे माहीत नाही. आता मास्तर, तुम्हीच सांगा. या बग्गीचा रिमोट बंद केला तर ती अंगावर येते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

७

मास्तर बरंच बोलला. धूर, दमा, डोकेदुखी. मी गडी आणि चिठ्ठीची गोष्ट पुन्हा सांगितली, यावेळी वीस जणांना. शेवटी म्हटलं, "उलटा सर्वो तिघांकडे होता. पण डॉक्टरांना सेल घालता येत नाहीत, आणि येतोयला डबी शिकवावी लागते हे पाठ आहे. दिशा बदलली की फेलसेफ आपोआप बदलतं असं समजणारा इथे एकच आहे. गुरुवारी त्यानेच मला अभिमानाने सांगितलं."

"हा पुरावा झाला?" मास्तर म्हणाला.

"नाही," चिमटी म्हणाली.

आठवड्यात पहिल्यांदा तिचा आवाज मोठा झाला होता. ती उठली, टेबलापाशी गेली आणि मास्तरच्या बग्गीचा टप उचलला.

"ए, माझ्या गाडीला हात..."

शिट्टी वाजली. खरीखुरी, कान किटवणारी. काकांनी ती तोंडातून काढली आणि म्हणाले, "पोरीच्या मधे कुणी यायचं नाही."

तिने खिशातून पाना काढला. एकेक करून चारही स्क्रू काढले. सर्वो बाहेर आला. वरचे तीन कान स्वच्छ होते. हाताशी येणारा रंग माणूस पुसतोच. चौथा कान खालच्या अंगाला होता, चौकटीला चिकटून, जिथे फडकं पोचत नाही. त्याच्यावर एक जांभळी रेघ होती. अर्धी. काठापासून सुरू होऊन खाली गेलेली.

तिने डॉक्टरांच्या बग्गीतला खालचा स्क्रू काढला, त्या कानाच्या भोकात बसवला आणि सावकाश फिरवला. फिरवत राहिली. मग थांबली आणि सर्वो सगळ्यांपुढे धरला.

रेघ अखंड होती. केसाएवढासुद्धा खंड नाही.

"हा नखरा नव्हता, मास्तर," ती म्हणाली. "ही माझी सही होती. ती मी शुक्रवारीच केली होती."

मास्तर खुर्चीवर बसला. "एका रविवारपुरता घेतला होता. माल येत नव्हता. शर्यत झाल्यावर परत बसवणार होतो. मला काय ठाऊक असं होईल?"

"रविवारी दुपारपर्यंत ठाऊक झालं होतं," मी म्हटलं. "तुमच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला, म्हणून तर आज पत्र्याला चिकटलात. सर्वो उचललात, तो शुद्ध हलकटपणा. त्याच्यावर मी दोन शिव्या देऊन गप्प बसले असते. पण ठाऊक झाल्यावर तुम्ही घरी गेलात, चांगला कागद घेतलात आणि सुवाच्य अक्षरात या पोरीचे हात तोडायचं पत्र लिहिलंत. दोन दिवस लागले ना लिहायला? एकही खाडाखोड नाही त्यात."

काकांनी खुर्ची जरा पुढे घ्यायला लावली. आता त्यांनी फार हळू विचारलं, "मग सफरचंदं कशाला आणत होतास रे?"

मला वाटतं, त्या दिवसात मास्तरला लागलेली ती एकच गोष्ट असावी.

डॉक्टरांनी घसा खाकरला. "बरं, तर... झालं ते झालं. हे पत्र फाडून टाकू आणि..."

"फाडायचं नाही," चिमटी म्हणाली. तिने पत्र उलटं केलं, कोरी बाजू वर. पेन मास्तरपुढे ठेवलं. "अक्षर छान आहे तुमचं. लिहा काय झालं ते. सगळं. मग डॉक्टर, त्याखाली तुम्ही रिमोटची चिकटपट्टी लिहा. आणि समितीत कोण कोण न तपासता मान डोलावत होतं, त्यांनी सह्या करा. काका वाचून बघतील. पोलिसांकडे न्यायचं की नाही, ते काका ठरवतील. पाय त्यांचा आहे."

लिहायला पाऊण तास लागला. या वेळी खाडाखोड पुष्कळ झाली. काकांनी दोनदा परत लिहायला लावलं, तिसऱ्यांदा घडी घालून खिशात ठेवलं आणि मुलाला म्हणाले, "जाताना पोलीस चौकीवरून घे. पत्र पोचवायचंय."

शर्यत झाली नाही.

डॉक्टर जाता जाता चिमटीपाशी घुटमळले. "पोरी, माझी बग्गी पुन्हा नीट करशील ना?"

तिने हत्यारांची पेटी ओढली. बग्गी विटांवर चढवली, तिचा खरा सर्वो तिच्या जागी बसवला, दिशा सरळ केली, डबीला नव्याने शिकवलं. मग रिमोट डॉक्टरांच्या हातात दिला.

"बंद करा."

"मी?"

"तुम्हीच."

त्यांनी बिचकत बटण दाबलं. खट्. ब्रेक.

"परत."

खट्.

"परत. आणि चालवण्याआधी दरवेळी तीनदा. तुम्ही स्वतः. हे जमणार नसेल तर गाडी नातवाच्या खेळण्यांच्या कपाटात ठेवा."

अध्यक्षांनी मान हलवली. मी दुसरीकडे पाहिलं, कारण माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं आणि माझी रागावलेली मुद्रा मला आणखी थोडा वेळ हवी होती. राग उतरला नव्हताच. अजून उतरलेला नाही. मास्तरच्या शाळेवरून जाताना मी मुद्दाम रस्ता बदलत नाही; त्याने बदलावा.

चिमटीने माझ्यापुढे हात पसरला. "मावशी, बाटली."

मी जांभळी बाटली दिली. तिने चार कानांवर चार रेघा मारल्या, जीभ दातांत धरून, नवव्या वर्षी मारायची तशाच. फुंकर घातली.

"ए पोरी," काका खुर्चीतून म्हणाले, "एक इकडेपण मार. या इस्पितळवाल्यांचा काय भरवसा, मला न विचारता उघडायचे."

ती हसली. हसता हसता रडली आणि रडता रडता तिने काकांच्या प्लॅस्टरवर, जोडाच्या फटीवरून आरपार, एक सरळ जांभळी रेघ ओढली.